हवेचे दोनशे रुपये

हवेला पैसे मोजायचे, ही कल्पनाच मला सहन होत नाही. पाण्याला मोजायची वेळ आली तेव्हाही मी चार दिवस धुसफुसत होतो, पण निदान त्या बाटलीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र तरी असतं. हवेच्या बाटलीवर कसलं चित्र काढणार? त्यातून मी जोगेश्वरीचा. आमच्या गुंफा रोडला दीड हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. त्या लोकांनी अख्खा खडक आतून पोखरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत हवा आपोआप आली. कुणी पावती फाडल्याचा शिलालेख तिथे नाही.

त्यामुळे फोन ठेवून भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, कर्जतवाले एका सिलिंडरमध्ये हवा भरायचे दोनशे घेतात," तेव्हा माझ्या हातातली पोळी हातातच राहिली.

हा भाचा अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे आणि आमच्याकडे राहतो. त्याच्या एका मित्राने पेंटबॉलचा धंदा काढला, वर्षभर चालवला आणि बंद केला. भाच्याचे सात हजार त्याच्याकडे अडकले होते. रोकड नव्हती, म्हणून त्याने एक काळी बॅग दिली. बॅगेत एक बंदूक ("बंदूक नाही मामा, मार्कर म्हणतात"), एक मुखवटा आणि हवेच्या तीन बाटल्या. पेंटबॉल म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या एकमेकांवर झाडायच्या. ज्याला रंग लागला तो बाद. थोडक्यात रंगपंचमीच, फक्त शिरस्त्राण घालून आणि प्रवेश फी भरून. भाच्याच्या ऑफिसची सहल येत्या रविवारी कर्जतला, घरच्यांनाही मुभा. स्वतःचं सामान आणलंत तरी चालेल, पण हवेचे दोनशे वेगळे.

"तीन बाटल्यांचे सहाशे?" मी म्हणालो. "सहाशे रुपयांची हवा? काही गरज नाही. मी निवृत्त माणूस आहे, माझ्याकडे वेळ आहे. इथे जोगेश्वरीत भरून आणतो. होऊन जाईल."

आमच्या हिने आमटी वाढता वाढता डाव तसाच धरला. "होऊन जाईल" हे माझं ब्रीदवाक्य आहे. न्हाणीघराची गळती मी स्वतः काढायला घेतली तेव्हाही मी हेच म्हणालो होतो आणि खालच्या मजल्यावरचे देशपांड्यांसारखे शांत गृहस्थ आजही माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

जेवण झाल्यावर मी भिंग घेऊन बाटल्या पाहायला बसलो. एक चंदेरी, अ‍ॅल्युमिनियमची, थर्मासएवढी आणि चांगली जड. दुसरी काळी, आकाराने तिच्याहून मोठी पण वजनाला हलकी, पतंगाच्या चक्रीवर मांजा गुंडाळावा तसे कार्बनचे धागे गुंडाळून वर चकचकीत लेप दिलेली. तिसरी बारकीशी. चंदेरीच्या खांद्यावर अक्षरं ठोकलेली होती: ३००० पीएसआय. त्याच्या शेजारी ०८ १४. हा ०८ १४ म्हणजे कारखान्यातला काहीतरी अनुक्रमांक असणार, म्हणून मी सोडून दिला. पण ३००० पीएसआय वाचून चक्रावलो.

"एवढ्याशा बाटलीत तीन हजार पीएसआय? आपल्या चौकीत दोन आहेत, त्यातला एक कायम बंदोबस्ताला."

"मामा, पोलीस सब-इन्स्पेक्टर नाही. पाउंड पर स्क्वेअर इंच. दाब." भाच्याने खिशातून एक रुपयाचं नाणं काढून टेबलावर ठेवलं. "बाटली भरली की आतून ह्या नाण्याएवढ्या जागेवर साधारण आठशे किलोचा रेटा बसतो. एक लहान मोटार उभी केल्यासारखा. आणि हा एका जागी नाही, सगळीकडून, सतत. काळी बाटली साडेचार हजारांची, म्हणजे त्याच्या दीडपट."

मी थोडा वेळ नाण्याकडे पाहिलं आणि ते उचलून माझ्या खिशात टाकलं.

"स्कूटरच्या चाकात किती असतो?"

"तीस."

"मग सोपं आहे. स्कूटरवाल्याकडे शंभर वेळा भरायची. वेळ लागेल, एवढंच."

भाचा इंजिनीअर आहे. त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं आणि तो झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत बाटल्या घालून मी हायवेच्या पुलाखालच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. गेली वीस वर्षं हा माझ्या स्कूटरची हवा पाहतो आहे. त्याने नळी उचलली. "कितना डालूं, साब?"

"तीन हजार."

"हवा पूछ रहा हूं, पैसा नहीं."

"हवाच सांगतोय."

त्याने नळी खाली ठेवली. ट्रकच्या चाकात शंभर-सव्वाशे जातात, त्यालासुद्धा तो चाकाला साखळी गुंडाळून, बाजूला उभा राहून हवा सोडतो, कारण रिंग निसटली तर माणूस राहत नाही. त्याचं यंत्र दीडशेवर आपोआप बंद पडतं. "और तीन हजार डाला तो..." असं म्हणून त्याने वर पुलाकडे पाहिलं. वरून जोगेश्वरी-विक्रोळीकडे वळणारी वाहनं जात होती. त्यांच्या आयुष्याचा प्रश्न आहे, हे त्याने नजरेनेच सुचवलं.

"थोडी थोडी करून शंभर वेळा भर ना."

"साब, मशीन डेढ़ सौ का है तो बोतल में डेढ़ सौ ही जाएगा. हजार बार लगाओ, फिर भी डेढ़ सौ. और मेरी हवा में तेल आता है, पानी आता है. टायर को चलता है, इसको नहीं चलेगा."

शाळेत जे मला कळलं नव्हतं ते त्याला शाळेत न जाता कळलेलं होतं. मी त्याला दहा रुपये देऊ केले. न भरलेल्या हवेचे त्याने घेतले नाहीत.

हार मानणारा मी नव्हे. पश्चिमेला, एस. व्ही. रोडच्या बाजूला, आग विझवायची नळकांडी भरून देणारं एक दुकान मला माहीत होतं. पश्चिमेला जायचं तर स्टेशनचा पूल. पुलाच्या तोंडाशी एक हवालदार उभा होता आणि माझ्या पिशवीतून चंदेरी डोकं बाहेर आलं होतं.

"काका, पिशवीत काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"हवा. म्हणजे अजून नाही. भरायचीय."

पाचव्या मिनिटाला मी एका टेबलासमोर उभा होतो. टेबलामागे खांद्यावर दोन चांदण्या असलेले साहेब बसले होते. हवालदाराने बाटली टेबलावर उभी केली. "साहेब, हे गृहस्थ म्हणतात ह्यात तीन हजार पीएसआय बसतात."

साहेबांनी बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली, शांतपणे खाली ठेवली. "नशीबवान आहेत," ते म्हणाले. "इथे आम्ही चौघं एका टेबलावर बसतो."

मग त्यांनी झडप उघडून घेतली, आत काही नाही याची खात्री केली आणि मला एकच गोष्ट बजावली. रिकामी आहे म्हणून जाऊ देतोय. दाबाने भरलेली बाटली घेऊन रेल्वेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. त्याला परवानगी नसते. म्हणजे परत येताना रिक्षा. जोगेश्वरी पश्चिमेहून पूर्वेला रिक्षा करायची म्हणजे आधी फाटकापर्यंत जायचं, मग फाटक का बंद केलं यावर रिक्षावाल्याचं भाषण ऐकायचं, मग पुलावरून वळसा. हवेत वाचणार होते त्यातले काही पैसे तिथेच उडाले.

नळकांडीवाले गृहस्थ वजनकाट्यामागे बसले होते. हवेच्या दुकानात वजनकाटा कशाला, हा माझा पहिला प्रश्न. ते म्हणाले, "हवा मी भरतच नाही. माझ्याकडे कार्बन डायऑक्साइड. तो बाटलीत द्रव होऊन बसतो, म्हणून दाब बघून भरता येत नाही, वजन करूनच भरावा लागतो. चार घास कमी भरला तर चालेल, जास्त भरला तर ऊन लागल्यावर द्रव फुगतो आणि वर जागा शिल्लक नसते. मग झडपेतली सुरक्षेची चकती फुटते. आणि कुणी शहाण्याने चकतीच बदलून ठेवली असेल तर बाटली फुटते. त्यात हा वायू एकतीस अंशांच्या वर द्रव राहतच नाही."

"मुंबईत एकतीस म्हणजे..."

"सकाळचे साडेनऊ."

"बरं, मग वजन करून ह्या चंदेरीत भरा."

त्यांनी बाटलीच्या डोक्यावरचा पितळी भाग बोटाने दाखवला. हा रेग्युलेटर. आतले तीन हजार बाहेर सोडताना तो आठशेच्या आसपास आणतो. तो हवेसाठी बनवलेला आहे, त्यात गारढोण द्रव शिरला की सीलांची वाट लागते. वायूची बाटली ती तिसरी, बारकी, पण ती १८०० ची. तिला उत्साहाने कुणी ३००० च्या हवेवर लावलं तर तिच्यासाठी प्रार्थना करायची. आणि तिचे पेच त्यांच्या नळीला बसत नव्हते.

"जोड बनवून बसवता येईल ना? होऊन जाईल."

त्यांनी काट्यावरचं वजन उचलून पेटीत ठेवलं आणि पेटीचं झाकण लावलं.

बाहेर चहा पिताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऑक्सिजन! दवाखान्यातल्या त्या उंच नळकांड्यांतही भरपूर दाब असतो. आणि ऑक्सिजन म्हणजे शेवटी हवाच, उलट हवेचं सत्त्व. भाड्याने ऑक्सिजन देणारा एक जण जवळच होता. जाण्यापूर्वी मी एक दूरदर्शीपणा केला होता. सकाळी निघताना बाटल्यांचे पेच मला कोरडे वाटले, म्हणून मी हिच्या शिलाई मशीनचं तेल दोन-दोन थेंब सोडून आणलं होतं.

त्या माणसाने चंदेरी बाटली नाकाजवळ नेली. "हे तेल कुणी लावलं?"

"मीच," मी विनयाने म्हणालो.

"बाहेर व्हा."

"अहो पण..."

"आधी बाहेर. मग बोला."

तो रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथपर्यंत मला सोडायला आला आणि तिथे माझी शिकवणी घेतली. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की पेटायला काडीसुद्धा लागत नाही. साध्या हवेचंही तसंच. एकदम दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा अंश असला की भडका. डिझेलचं इंजिन ह्याच युक्तीवर चालतं. "तुमच्या हातात आत्ता इंजिन आहे, काका," तो म्हणाला. "फक्त गाडी नाही." शिवाय ऑक्सिजन दमलेल्या माणसासाठी असतो, दमायला निघालेल्या माणसासाठी नसतो, हेही त्याने सांगितलं. मला त्यात कविता दिसली, पण दाद देण्याची ती वेळ नव्हती.

बाटल्या कोरड्या फडक्याने तीनदा पुसून मी शेवटी गाळ्यांच्या एका गल्लीत पोहोचलो. इथे वेल्डिंगचे वायू मिळतात आणि नायट्रोजनही. भाच्याने फोनवर सांगितलं होतं की नायट्रोजन चालतो. हवेत तोच पाऊणपट असतो. मालक वयस्कर, नाकावर चष्मा. त्यांनी बाटली उभी न धरता आडवी धरली आणि दर्शनी चंदेरीपणा सोडून खांद्यावरची अक्षरं वाचायला घेतली. खरा जाणकार माणूस स्थळ पाहताना मुलीचा फोटो ठेवून पत्रिका उघडतो, तसं.

"चाचणी कधीची?"

"नवी आहे हो. भाच्याला परवाच मिळाली."

"नागपूरची मंजुरी?"

"नागपूरला कशाला? अधिवेशन तर डिसेंबरात असतं."

त्यांनी चष्मा काढला. दाबाच्या सिलिंडरांवर ज्यांची देखरेख असते त्या केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचं, म्हणजे पेसोचं, मुख्यालय नागपूरला. गॅस सिलिंडरांचे नियम २०१६ चे, ते ज्या स्फोटक कायद्याखाली येतात तो १८८४ चा. मी मनात हिशोब केला: काँग्रेसच्या स्थापनेच्याही एक वर्ष आधीचा. एवढ्या जुन्या कायद्याला माझ्या रविवारची चिंता असेल हे मला माहीत नव्हतं. "ज्या बाटलीवर मंजुरीचा शिक्का नाही ती मी भरायची नाही," ते म्हणाले. "परवाना माझा जातो. आणि फुटली तर परवाना ज्या भिंतीवर टांगलाय ती भिंत पण जाते."

त्यांनी मला पाणी पाजलं. पिता पिता मी हिशोब केला. तीन दुकानं, एक पंक्चरवाला, एक फौजदार. ह्या पाचही माणसांना त्यातलं काही ना काही कळत होतं आणि पाचांपैकी एकालाही मला वाटेला लावायला पाच मिनिटांच्या वर लागली नव्हती. आता हे लिहिताना त्यातली गोम लक्षात येते. तेव्हा मात्र मला एवढंच वाटलं की जोगेश्वरीत उमेद देणारी माणसं उरली नाहीत.

आणि तेवढ्यात तो भेटला.

त्याच गल्लीच्या तोंडाशी एका खोपटात फ्रिज, एसी, मिक्सर, पंखे आणि बहुधा घड्याळंही दुरुस्त होत होती. मी पिशवी घेऊन जाताना त्याने आपणहून विचारलं. मी सगळं सांगितलं. त्याने बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी मिक्सरमध्ये स्क्रू फिरवत तो म्हणाला, "हो जाएगा."

माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी एकटाच हे वाक्य म्हणत होतो. आज दुसरा कुणी तरी भेटला.

"तीन हजार दाब आहे हं."

"हो जाएगा."

"पेच बसत नाहीत."

"पाइप काटके क्लिप मार देंगे. हो जाएगा." त्याने कपाटातून एक रबरी नळी काढली, तिला पांढरी टेप गुंडाळायला घेतली आणि सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "आप थोडा दूर खड़े रहना."

"किती दूर?"

"वो नाके पे."

"आणि तू?"

"मैं भी नाके पे."

"मग इथे भरणार कोण?"

त्याने टेप गुंडाळायची थांबवली. हा प्रश्न त्याला कुणी पूर्वी विचारला नसावा. आम्ही दोघांनी एकाच वेळी त्याच्या हाताखालच्या पोराकडे पाहिलं. पोरगं हुशार होतं. ते वडापाव आणायला गेलं आणि परत आलं नाही.

मी बाटल्या पिशवीत भरल्या. मला पहिल्यांदाच बाहेरून कळलं की माझं ब्रीदवाक्य दुसऱ्याच्या तोंडून कसं ऐकू येतं.

त्या दिवसाचा खर्च: रिक्षा एकशे नव्वद, चहा आणि वडापाव पन्नास. हवा शून्य.

रविवारी कर्जत. निदान बाटल्या तरी देखण्या दिसाव्यात म्हणून शनिवारी रात्री मी त्या घासूनपुसून ठेवल्या होत्या. काळ्या बाटलीवर एक डाग जात नव्हता, तिला तारेची घासणी लावली.

मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये हवेचं यंत्र होतं आणि ते सांभाळायला विशीतली एक मुलगी, कानांवर आवाज अडवणारी टोपणं. मी ऐटीत बाटल्या मांडल्या. तिनेही चंदेरीच्या खांद्यावरच बोट ठेवलं. माझा दुर्लक्षित ०८ १४.

"काका, हिची चाचणी ऑगस्ट २०१४ ला झालीय. दर पाच वर्षांनी करायची असते."

"म्हणजे ती तारीख आहे?"

"मग काय फ्लॅट नंबर आहे?"

चाचणीत बाटलीत पाणी भरतात आणि तीन हजारांच्या बाटलीला पाच हजारांपर्यंत दाब देतात. पाणीच का? कारण पाणी दाबून फारसं लहान होत नाही, त्यामुळे बाटली फाटली तरी पाणी गळतं आणि खेळ संपतो. हवा मात्र दाबलेली स्प्रिंग. सुटली की भिंत बघत नाही. मग तिने काळी बाटली उचलली, उजेडाकडे धरली आणि तिच्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं.

"हिला कुणी घासलंय?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोंगराकडे पाहिलं. कर्जतचे डोंगर त्या दिवसांत फार सुंदर दिसतात.

"ह्या धाग्यांवरच हिचा सगळा जोर. आत अ‍ॅल्युमिनियम असतं ते पातळ. अशा बाटलीला तसंही पंधरा वर्षांचं आयुष्य लिहून दिलेलं असतं. तुम्ही ते एका रात्रीत संपवलंत."

बारकी तिने हातातही घेतली नाही. म्हणाली, वायूची बाटली आता इथे कुणी वापरत नाही. भराभर गोळ्या झाडल्या की गार पडते, ढगाळ दिवशी रडते, उन्हात पिसाळते. हवा तेवढी सरळमार्गी. भाच्याने विचारलं, मग नवीन घ्यायची तर चंदेरी की काळी? ती म्हणाली, "काळी हलकी, जास्त हवा घेते, पण महाग आणि जपावी लागते. तुमच्या घरात कोण कोण असतं ते बघून ठरवा." इथे तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि आधी हे विचारा की भरून कोण देणार. माझं यंत्र ३००० चं. तुम्ही ४५०० ची बाटली आणलीत तरी मी तीनच हजार भरणार. फ्लॅट घेताना आधी पाणी किती वाजता येतं ते विचारतात ना? तसं."

मग तिने त्यांच्या मालकीच्या, तारखेतल्या, दोन बाटल्या भरून दिल्या. मी पहिल्यांदा हवा भरताना पाहिली. आधी तिने तोंडावरची बोंडी स्वच्छ फडक्याने पुसली, कारण धुळीचा एक कण आत गेला तरी सील कापतो. मग नळी लावली, बाजूला सरकली आणि झडप इतकी हळू उघडली, जणू आत कुणाचं तान्हं झोपलंय. काटा मुंगीच्या पावलांनी चढत होता.

"थोडं जोरात सोड ना," मी म्हणालो. "मागे रांग लागलीय."

"हात लावा." बाटली कोमट होती. "घाई केली की ती तापते आणि तापलेली हवा काट्याला फसवते. तीन हजार दाखवणार, तुम्ही खुशीत मैदानात जाणार, तिथे ती गार होणार आणि पावणेतीनच हजार निघणार. मग भांडायला माझ्याकडेच येणार."

तापलेली असताना तीन हजार आणि गार झाल्यावर पावणेतीन! मी आयुष्यभर सोसायटीच्या सर्वसाधारण सभांना जात आलो आहे. मला हे नव्याने सांगायची गरज नव्हती.

भरून झाल्यावर नळीत अडकलेली हवा तिने फुस्सकन सोडून दिली, मगच नळी काढली. दोन बाटल्यांचे चारशे. मी एक अक्षर न बोलता दिले. ही अजूनही ते माझ्या स्वभावातलं एकमेव स्थित्यंतर म्हणून नातेवाइकांना सांगते.

खेळाआधी भाच्याने मला धीर दिला. २७ जून १९८१ ला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाच्या रानात हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला. बारा माणसं होती. बंदुका होत्या त्या झाडांवर आणि गुराढोरांवर रंगाची खूण करायच्या. आणि जो जिंकला, रिची व्हाइट नावाचा, त्याने म्हणे एकही गोळी झाडली नव्हती. तो नुसता लपतछपत फिरला आणि निशाणं गोळा करून आला.

एकही गोळी न झाडता! म्हणजे हवेचा खर्च शून्य. हा खेळ माझ्यासाठीच निघाला होता. त्यात त्या दिवशी संकष्टी होती. गोळीचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यातून काढलेलं. ती लागली तर उपास मोडतो का, याबद्दल हिच्यात आणि माझ्यात बसमध्येच मतभेद झाले होते. न लागणं हाच सुरक्षित धर्म. शिवाय ती ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येते. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला ह्या वेगाची कल्पनाही करता येत नाही.

मी टायरांच्या ढिगाआड दबा धरून बसलो. वीस मिनिटं. माझ्या बाटलीचा काटा एका रेघेनेही हलला नव्हता. आजूबाजूला अकाउंट्स विभागाची माणसं हिरवी-निळी होऊन बाद होत होती. निशाण दहा पावलांवर होतं. मी सावकाश उठलो, वाकून पहिलं पाऊल टाकलं आणि खिशातून काहीतरी खण्णकन पडलं. भाच्याचं ते एक रुपयाचं नाणं. आठशे किलोंचं.

शहाणा माणूस ते सोडून पुढे गेला असता. मी ते उचलायला वाकलो.

गोळी कुठे लागली ते सांगत नाही. परत येताना बसमध्ये मी उभा होतो, एवढं पुरे.

सोमवारी सकाळी स्वयंपाकाचा गॅस आला. माझ्या अंगात नवं ज्ञान सळसळत होतं. मी सिलिंडरवाल्या भाऊंना दारातच थांबवलं, गुडघे टेकले आणि वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवरचा मजकूर वाचला. इंग्रजी अक्षर आणि वर्ष. मी हिला समजावू लागलो, "हे बघ, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे..."

"डी म्हणजे डिसेंबरपर्यंत," ही ओट्याजवळून म्हणाली. "त्या तिमाहीनंतर पुन्हा चाचणी व्हायला हवी. भाऊ, सील आणि वजन बघितलं मी. ठेवा आत."

"तुला कधीपासून माहीत?"

"लग्न झाल्यापासून. दर वेळी बघते. तुम्ही तेव्हा पेपर वाचत असता."

भाऊ खाली मान घालून हसत होते. त्यांनाही माहीत होतं.

राहता राहिल्या तीन बाटल्या. त्या मुलीने सांगितलं होतं की बाद बाटली नुसती टाकायची नाही. झडप काढून तिला भोक पाडायचं, म्हणजे पुढे कुणाला ती भरण्याचा मोह होणार नाही. मी त्या भंगारवाल्याकडे नेल्या. तो पाव किलोवरून माझ्याशी अर्धा तास भांडणारा माणूस, पण बाटल्या पाहताच हात मागे घेऊन उभा राहिला. "बंद डिब्बा नहीं लेगा. पहले होल मारके लाओ."

भोक कोण पाडून देणार? पेच कोणाच्या पान्याला बसणार? मी पिशवी घेऊन पुन्हा त्या गाळ्यांच्या गल्लीत गेलो. खोपटातल्या माणसाने मला ओळखलं. ह्या खेपेला मी झडपा उघडून, आत काही नाही हे त्याला दाखवून, मगच विचारलं.

"हो जाएगा," तो म्हणाला. आणि ह्या खेपेला खरंच झालं. तो तिथेच उभा होता, मीही तिथेच उभा होतो, पोरगंसुद्धा वडापाव खात बघत होतं. झडपा निघाल्या, ड्रिल घरघरलं, तीन बाटल्यांना तीन भोकं पडली आणि त्यांतून आमच्या जोगेश्वरीची हवा आत-बाहेर खेळू लागली. फुकट.

"कितना हुआ?"

"दो सौ."

मी घासाघीस केली नाही.